पाण्याखालची विजयपुरी

आमच्या लिहिण्याच्या मेजावर, पूर्वी जेथें दौत असे त्या जागीं, खापराचा एक तुकडा गेलीं पंचावन्न वर्षें पडून आहे. तीन बोटें रुंद, तांबूस रंगाचा. वर काळ्या रंगानें ओढलेल्या दोन तिरप्या रेघा व त्यांना छेदणारी तिसरी. आमची सून घरांत आली त्या पहिल्याच दिवाळीच्या झाडलोटींत तिनें तो केराच्या सुपलींत टाकला होता. तो आम्हीं परत उचलून आणिला. तेव्हांपासून घरांतील सर्व मंडळी देवघरांतल्या शाळिग्रामाप्रमाणें त्याला जपून मेज पुसतात. या तुकड्याचा आणि कृष्णाकांठच्या नागार्जुनकोंड्याचा अर्थाअर्थीं कांहीं संबंध नाहीं. परंतु गेल्या पौषांत तेथें जाण्याचा योग आला, आणि परततांना आमच्या मनांत सारखा हा तुकडाच घोळत होता. म्हणून प्रवासवर्णनाच्या आरंभीं त्याला बसविला आहे. वाचकांनीं क्षमा करावी.

तुकडा मिळाला तो आमच्या आजोळीं, भीमेच्या कांठीं. वाड्यामागें पांढरीचें एक टेंकाड होतें. ज्यांचें बालपण देशावर गेलें त्यांना पांढरी म्हणजे काय तें सांगावयास नको. शहरांत वाढलेल्या पिढीसाठीं सांगतों. शेताची जमीन ती काळी व वस्तीची जमीन ती पांढरी. एकाच जागीं मनुष्य शेंकडों वर्षें राहिला, चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, मोडकीं भांडीं, उकिरडे एकावर एक सांचत गेले, म्हणजे त्या मातीस भुरकट पांढुरका रंग येतो. धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वीं हीच माती नेऊन पसरीत, कारण तिच्यांतून पाणी झिरपत नाहीं असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. गाड्या भरभरून माती जाई आणि टेंकाड दरसाल हातभर आंत सरे. सरलेल्या कडेंतून खापरें, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, क्वचित् एखादा मणि डोकावे. आम्ही मुलें तीं खापरें घासून वाटोळीं करीत असूं व त्यांची लगोरी रचीत असूं. तीन हजार वर्षांचा इतिहास आम्हीं चेंडू मारून पाडला, हें तेव्हां आम्हांस कोणी सांगितलें नाहीं.

पुढें उजनीचें धरण आलें. तें १९८० सालीं पुरें झालें. आजोळ उठून नव्या गांवठाणांत गेलें आणि जुनें गांव पाण्याखालीं गेलें. त्यापूर्वीं वाड्याची मोजणी झाली. दारें, खिडक्या, वासे, आढीं यांची रीतसर नोंद होऊन मोबदला ठरला. परसांतल्या चिंचेचीहि किंमत लागली. टेंकाडापुढें मात्र 'पडीक' एवढा एकच शब्द पडला. नोंद करणारे गृहस्थ मामांच्या ओसरीवर चहा घेऊन गेले. टेंकाडावर कोणी चढलें नाहीं.

कांहीं वर्षांनीं पुराणवस्तुशास्त्रांतील एका जाणत्या गृहस्थांना आम्हीं हें खापर दाखविलें. त्यांनीं भिंग लावून पाहिलें आणि जोर्वे पद्धतीचें असावें असें सांगितलें. प्रवरेकांठच्या जोर्वे गांवीं १९५०-५१ सालीं उत्खनन झालें, त्यावरून या भांड्यांस तें नांव पडलें. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून अनेक हंगाम खणून याच भांड्यांच्या काळचें अख्खें खेडें उजेडांत आणिलें: घरें, चुली, धान्याचीं पेवें, आणि घराच्या जमिनीखालीं दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत पुरलेलीं लहान मुलें. इतकें सांगून त्या गृहस्थांनीं विचारिलें, "मास्तर, हें नक्की कोठें सांपडलें? कोणत्या थरांत? किती खोल? शेजारीं काय होतें?" आम्ही म्हणालों, "आजोळीं." ते हंसले नाहींत. खापर आमच्या हातांत परत देत एवढेंच म्हणाले, "मग हें आतां नुसतें खापर राहिलें."

आतां प्रवासाकडे वळूं.

आमचा एक पुतण्या हैदराबादेस असतो. स्थापत्यशास्त्राचा पदवीधर, रस्ते बांधणाऱ्या एका मंडळीच्या कामावर आहे. "काका, काकूंना व छकुलीला घेऊन या, तुम्हांला नागार्जुनसागर दाखवितों," असें त्याचें दोन वर्षांपासून टुमणें होतें. छकुली म्हणजे आमची नात. तिला धरण पाहावयाचें होतें, सौभाग्यवतींना कृष्णास्नान घडवावयाचें होतें, आणि आम्हांस विजयपुरी पाहावयाची होती. एकाच गाडींत तीन यात्रा निघाल्या. हैदराबादेहून धरण दीडशें किलोमीटरांच्या आसपास. वाटेवर माळरान, मोठमोठ्या वाटोळ्या शिळा, ताडांचीं झाडें. आणि जसजसें धरण जवळ येतें तसतशीं हिरवीं भातशेतें.

धरण पाहतांच आमच्या पुतण्याची रसवंती सुटली. १० डिसेंबर १९५५ रोजीं पंडित नेहरूंनीं पायाचा दगड बसविला, ऑगस्ट १९६७ मध्यें कालव्यांत पाणी सुटलें, उंची १२४ मीटर, आणि सारें काम दगडी. लक्षावधि एकरांस पाणी. कामगारांनीं खांद्यांवर दगड वाहून हा डोंगर उभा केला हें सांगतांना त्याचा स्वर जड झाला. २०१४ नंतर या धरणाचा एक कांठ तेलंगणांत व दुसरा आंध्रांत आहे. आम्हीं त्याचें सर्व ऐकून घेतलें. भुकेल्यापुढें शिलालेख वाचूं नये, एवढें शहाणपण पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हांस आलें आहे. सौभाग्यवतींनीं घाटाच्या पायरीवर बसून कृष्णेला ओटी वाहिली. महाबळेश्वरीं गोमुखांतून हातभर रुंदीची निघणारी ती हीच. आणि भीमाहि रायचुराकडे तिलाच येऊन मिळते. म्हणजे ज्या पाण्यानें आमचें आजोळ बुडविलें, त्यांतलेंच कांहीं पाणी उजनी ओलांडून येथवर येतें. हें आम्हीं कोणाजवळ बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं उजव्या कांठच्या विजयपुरी दक्षिण येथील धक्क्यावरून लाँचमध्यें बसलों. बेटापर्यंत सुमारे तासाभराचा प्रवास. तेलुगूंत कोंडा म्हणजे टेंकडी. नागार्जुनकोंडा म्हणजे आचार्य नागार्जुनाची टेंकडी. त्याचा येथें निवास होता अशी परंपरा आहे. पूर्वी ही टेंकडी एका विस्तीर्ण खोऱ्याच्या कडेस उभी होती. तीन बाजूंना नल्लमलैचे फांटे, चौथीला कृष्णा, आणि मध्यें सुमारे नऊ चौरस मैलांची सपाट भूमि. त्या भूमीवर इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इक्ष्वाकु राजांची राजधानी नांदत होती. सातवाहनांचा सूर्य मावळल्यावर आंध्रांत ज्यांनीं राज्य केलें ते हे इक्ष्वाकु. आतां टेंकडीचा माथाच काय तो बेट होऊन उरला आहे, व राजधानीवरून लाँच चालते. नातीनें कठड्यावरून वाकून विचारलें, "आजोबा, खालीं रस्ते आहेत?" आहेत, बाळ, होते.

या राजघराण्याची हकीकत आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस फार जवळची वाटेल, म्हणून तेथें थोडें थांबतों. पहिला राजा वासिष्ठीपुत्र चांतमूल हा कडवा वैदिक. अग्निहोत्र, अग्निष्टोम, वाजपेय व अश्वमेध करणारा, कोट्यवधि सुवर्ण, लक्ष गाई व लक्ष नांगर दान देणारा असें त्याचें वर्णन त्याच्या वंशजांच्या लेखांतून येतें. आणि याच राजाची सख्खी बहीण चांतिसिरी ही बुद्धभक्त. तिच्या औदार्यानें महाचैत्य उभा राहिला. भाऊ यज्ञशाळेंत, बहीण स्तूपापाशीं, आणि घर एकच! चांतमूलाचा पुत्र वीरपुरुषदत्त यानें आत्यांच्या मुलींशीं विवाह केले, म्हणून चांतिसिरी आपल्या लेखांत त्याला जांवई म्हणून त्याच्या आयुरारोग्याची कामना करिते. आपल्याकडे देशस्थांत मामाची मुलगी चालते. तेथें आत्याची चालली. त्याची आणखी एक राणी रुद्रधरभट्टारिका ही उज्जयिनीच्या महाराजाची कन्या. सुना व लेकी यांनीं स्तूप बांधले, विहार बांधले, सिंहलाहून येणाऱ्या भिक्षूंची सोय केली. आणि पुरुष मंडळींनीं कार्तिकेय, पुष्पभद्रस्वामी, सर्वदेव यांचीं मंदिरें उभारण्यास हातभार लावला. आमच्या सौभाग्यवती यावर म्हणाल्या, "त्या घरांत एकादशीचा फराळ कोण करीत असेल?" या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि शिलालेखांत नाहीं.

ही सारी नगरी दीड हजार वर्षें झाडाझुडुपांत पडून होती. सन १९२० च्या सुमारास तेथल्या एका शाळामास्तरांनीं कोरीव स्तंभ पाहून मद्रास सरकारास कळविलें, हें वाचून आमची छाती उगाच चार बोटें फुगली. १९२६ सालीं पुरालेख खात्याचे ए. आर. सरस्वती यांनीं स्थळाचा शोध लाविला. १९२७ ते १९३१ लाँगहर्स्ट यांनीं व १९३८ सालीं टी. एन. रामचंद्रन् यांनीं उत्खनन केलें. मोठे स्तूप निघाले, विहार निघाले, चुनखडीच्या हिरवट दगडांवरील अप्रतिम शिल्पें निघालीं, लेख वाचले गेले. एवढ्यावर बहुतेकांस वाटलें कीं नागार्जुनकोंडा पाहून झालें.

तितक्यांत धरणाचा बेत ठरला, आणि आम्हांस येथें जें मनापासून सांगावयाचें आहे तें यापुढचें आहे. खोरें बुडणार म्हटल्यावर १९५४ ते १९६० या सहा वर्षांत आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखालीं पुरातत्त्व खात्यानें संपूर्ण खोरें पिंजून काढलें. पूर्वीचे लोक दगड जेथें वर दिसत होते तेथें गेले. हे लोक जेथें कांहीं दिसत नव्हतें तेथेंहि गेले. तेव्हां कळलें कीं इक्ष्वाकूंच्या आधीं येथें अश्मयुगांतील माणसें वावरलीं होतीं. नवाश्मयुगांतल्या लोकांनीं जमिनींत खड्डे खणून निवारे केले होते. त्यानंतरच्या लोकांनीं मोठमोठ्या शिळा रचून मृतांचीं थडगीं बांधलीं होतीं. आणि राजधानी लयास गेल्यावरहि सोळाव्या शतकापर्यंत वस्ती येतजात राहिली होती. तटबंदी असलेला बालेकिल्ला सांपडला. त्याच्याजवळ पायऱ्यांचें कुंड निघालें, तें अश्वमेधाच्या अवभृथस्नानाचें असें उत्खननकर्त्यांनीं ओळखलें. रस्ते निघाले, रस्त्यांच्या कडेचीं घरें निघालीं. एका घरांत मुशी, कसोटीचा दगड व सांचे एकत्र मिळाले, म्हणजे तें सोनाराचें दुकान. तीसांहून अधिक बौद्ध स्थानें आणि एकोणीसेक देवालयें मोजलीं गेलीं. धरणाचा बेत ठरला नसता तर हें सर्व आजहि मातींत असतें, सुरक्षित आणि अज्ञात. बुडणार म्हणून तें पाहिलें गेलें. हा विचार आमच्या घशांत आवंढ्यासारखा अडकला, तो अजून खालीं उतरत नाहीं.

मोजणें म्हणजे काय हेंहि येथें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या मामांच्या वाड्याची झाली तीहि मोजणीच होती. पुरातत्त्वाच्या मोजणींत वस्तूची किंमत लावीत नाहींत; वस्तूची जागा लिहितात. प्रथम सारा प्रदेश पायीं तुडवून वर काय दिसतें त्याची नोंद; मग निवडक जागीं चौकोनी खड्डे; खड्ड्याच्या भिंतींत मातीचे थर जसे दिसतील तसे कागदावर उतरावयाचे; प्रत्येक खापर, मणि, हाड कोणत्या थरांत, किती खोल, कशाच्या शेजारीं होतें तें लिहावयाचें. खणणें म्हणजे एकदांच वाचतां येणारी पोथी वाचतां वाचतां जाळीत जाणें आहे. नक्कल उतरून ठेविली नाहीं तर पान उलटतांच मजकूर गेला. जें उचलून न्यावयाचें त्या बांधकामाचे आराखडे काढून दगड व विटा जशा होत्या तशा क्रमानें पुन्हा मांडावयाच्या. अबू सिंबलचीं मंदिरें १९६० नंतरच्या दशकांत आस्वानच्या पाण्यांतून वर उचललीं गेलीं, त्याची कीर्ति जगभर झाली. त्याच्या कांहीं वर्षें आधीं कृष्णेच्या कांठीं हें काम चाललें होतें. त्याची वार्ता आपल्या घरांत फारशी पोंचली नाहीं.

बेटावर उतरलों. वाट झाडींतून चढत जाते. येथें नऊ वास्तू मूळच्या सामग्रीनें पुन्हा उभ्या केल्या आहेत व चौदा मोठ्या प्रतिकृति आहेत. स्तूपांचे पाये पाहतांना आम्हांस विशेष आनंद झाला. येथल्या स्तूपांच्या पोटांत विटांच्या भिंती चाकाच्या आऱ्यांप्रमाणें रचलेल्या असतात. कोठें मध्यभागीं स्वस्तिक आहे. महाचैत्याचा व्यास सुमारे १०६ फूट, आणि चारी दिशांस पांच-पांच आयकस्तंभ. स्नानाचा घाटहि इकडे आणून बसविला आहे. पायऱ्या इतक्या नीटस आहेत कीं सौभाग्यवतींना तेथें उतरून पाय धुवावेसे वाटले. परंतु तळाशीं नदी नव्हती. मातीचें आवार होतें. वस्तुसंग्रहालय १९६६ सालीं उघडलें. तेथील शिल्पपट्टांपुढें आम्हीं दीड तास घालविला; नातीनें मांधाता जातकाची गोष्ट दोनदां सांगावयास लाविली. स्वर्गांत अर्धें राज्य मिळूनहि ज्याचें समाधान झालें नाहीं त्या राजाची ती कथा. आमच्या पुतण्यानेंहि ती कान देऊन ऐकली.

संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्यास मात्र या स्थळीं एका वेगळ्याच लेखाचें वेड लागतें. आभीर राजा वसुषेण याच्या तिसाव्या वर्षांतील हा लेख. तो संस्कृतांत आहे, आणि प्राकृताच्या त्या मुलुखांत ही गोष्ट लहान नव्हे. आभीर म्हणजे आपल्याकडचे, नाशिककडचे. नाशिकच्या लेण्यांत आभीर ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षीं आजारी भिक्षूंच्या औषधांसाठीं ठेव ठेविल्याचा लेख आहेच. इसवी सन २४८-४९ पासून सुरू होणारा शक धरिला तर वसुषेणाचा लेख सन २७८ च्या सुमाराचा होतो. त्यांत विष्णूची, अष्टभुजस्वामीची, सेडगिरीवर स्थापना केल्याचें सांगितलें आहे. अवंतीचा शक रुद्रदामन्, वनवासीचा सातकर्णि, संजयपुरीचा योनराज अशीं थोर थोर नांवें त्यांत येतात. मूर्ति औदुंबराच्या लांकडाची होती. तिच्याविषयीं लेखकर्ता म्हणतो कीं ती आपल्या स्थानावरून हलविलेली नाहीं. त्या देवालयाच्या उत्खननांत एक शंख निघाला, त्यावरहि अष्टभुजस्वामीचें नांव कोरलेलें आहे.

स्थानावरून न हललेला तो देव! लांकूड केव्हांच मातीस मिळालें. देवालयाची जागा आतां जलाशयाच्या पोटांत आहे. आणि आम्ही उभे होतों त्या बेटावरील बहुतेक प्रत्येक दगड आपल्या स्थानावरून हललेला आहे. हलविणाऱ्यांना आम्हीं नांवें ठेवीत नाहीं. त्यांनीं न हलविलें असतें तर आमच्या नातीला चाकाच्या आऱ्यांचा स्तूप दिसला नसता. परंतु दगड हलविला कीं त्याची दिशा, त्याच्यासमोरचा डोंगर, त्याच्या मागच्या अंगणांतलें झाड हें सर्व तेथेंच राहतें. तें फक्त वहींत येऊं शकतें. म्हणून वही पाहिजे. या खोऱ्याच्या उत्खननाच्या वृत्तान्ताचा पहिला खंड १९७५ सालीं निघाला आणि ऐतिहासिक काळाचा दुसरा खंड २००६ सालीं. खोरें बुडून चाळीस वर्षें होत आलीं तेव्हां वही पुरी झाली. उशीर झाला खरा, पण झाली.

परत कांठावर आल्यावर अनुपु येथें गेलों. तेथें खोऱ्यांतून उचललेला विहार, हारीतीचें देऊळ व रंगस्थळ मांडलें आहे. रंगस्थळाचें मधलें पटांगण सुमारे चौपन्न फूट लांब व पंचेचाळीस फूट रुंद; चारी बाजूंना पायऱ्यांच्या बैठका. मल्लयुद्धें होत होतीं कीं नाटकें, यावर पंडितांचा वाद आहे. नातीनें मध्यभागीं उभें राहून 'शुभं करोति' म्हटलें; वरच्या पायरीवर बसलेल्या आम्हां दोघांना तें स्वच्छ ऐकूं आलें.

तेथें पुतण्या आमच्या शेजारीं येऊन बसला. सकाळपासून तो गप्प गप्प होता. म्हणाला, "काका, एक सांगूं का? रागावूं नका."

गेल्या वर्षीं मराठवाड्याच्या सीमेकडे त्याच्या देखरेखीखालीं एका रस्त्याचें काम चालू होतें. वाटेंत आलेलें भुरकट मातीचें एक टेंकाड यंत्रानें कापीत असतां त्यांतून मडकीं निघूं लागलीं. एके जागीं दोन रांजण तोंडास तोंड लावून आडवे पुरलेले होते. यंत्राच्या दात्यानें एक फुटला. आंत बारीक बारीक हाडें. कामावरच्या बाया घाबरल्या. एकीनें जवळच्या डब्यांतलें हळदकुंकू आणून वाहिलें. यंत्र चालविणारा मुलगा खालीं उतरला व पुन्हा चढेना. वरिष्ठांना दूरध्वनि केला. तिकडून उत्तर आलें कीं मुदत टळली तर दंड बसेल, काम थांबवूं नका. दुपारपर्यंत भराव पडला. "मीं थांबवूं शकलों असतों, काका," तो म्हणाला. "एक दिवस तरी."

आम्हीं कांहीं वेळ बोललों नाहीं. इनामगांवच्या रांजणांची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती; ती सांगितली. मग आमच्या तोंडून तेच प्रश्न बाहेर पडले, जे आम्हांस एकदां विचारले गेले होते: कोठें? किती खोल? शेजारीं काय होतें? आणि आश्चर्य असें कीं या मुलाजवळ उत्तरें होतीं. रस्त्याच्या मध्यरेषेपासून किती मीटर, आरंभापासून किती किलोमीटर, मूळ जमिनीखालीं किती खोल, सर्व त्याच्या पातळीच्या वहींत होतें. त्यानें भ्रमणध्वनींत तीन छायाचित्रेंहि घेतलीं होतीं. एकांत थरांच्या रेघा आमच्या चष्म्यांतूनहि दिसत होत्या. पंचावन्न वर्षें खापर जपणाऱ्या संस्कृतज्ञ काकाजवळ जें नव्हतें, तें यंत्र न थांबविणाऱ्या पुतण्याजवळ होतें. आमचा राग कोठें गेला तें कळलें नाहीं.

त्या रात्रीं विश्रामगृहांत बसून दोघांनीं अर्ज लिहिला. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीची पुरलेली वस्तु सांपडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें सांपडणाऱ्याचें कर्तव्य आहे. मडक्याची किंमत दहा रुपयांहून अधिक धरावी कीं काय यावर आमचा व पुतण्याचा बराच वाद झाला. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनें संरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटरांत बांधकामास बंदी व त्यापुढें दोनशें मीटरांवर नियमन आहे. चांगला कायदा आहे. परंतु अंतर मोजावयाचें तें स्मारकापासून. ज्या टेंकाडाचें नांव कोणत्याच यादींत नाहीं त्याच्यापासून कोण कोणतें अंतर मोजणार? पांढरी म्हणून सातबाऱ्यावर रकाना नाहीं. जमीन बिनशेती करण्यापूर्वीं, रस्ता आंखण्यापूर्वीं, कालवा खणण्यापूर्वीं एक जाणता मनुष्य दोन दिवस ती भूमि पायीं हिंडला, तर खर्च तो किती? धरणाच्या पायथ्याशीं उभें राहून आम्हांस धरण नको असें एकदांहि वाटलें नाहीं. हिंडणारा तो एक मनुष्य हवा असें मात्र वाटलें. अर्जावर पुतण्यानें आपलें नांव घातलें, तेव्हां आम्हीं त्यास विचारलें, "नोकरीस कांहीं होईल का रे?" तो म्हणाला, "बघूं, काका." त्याच्या काकूनें हें ऐकलें व दिवा मालविला.

अर्जाची पोंच आली आहे. पुढचें उत्तर अद्याप नाहीं.

उजनीचें पाणी उन्हाळ्यांत ओसरलें म्हणजे पळसदेवच्या जुन्या देवालयाचें शिखर वर येतें, आणि पाणी फारच उतरलें तर त्याच्या आवारांत पायीं जातां येतें. आमचें आजोळ तेथून जवळच. या वैशाखांत पुतण्या चार दिवसांची रजा काढून येणार आहे. बरोबर पातळी घेण्याचें यंत्र आणतों म्हणाला. टेंकाड उघडें पडलेंच तर त्याची उंची-लांबी तरी कागदावर येईल. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या लाटांनीं त्यांतलें काय शिल्लक ठेविलें आहे तें तेव्हां दिसेल. मामांच्या धाकट्या चिरंजीवांनीं वाड्याच्या जोत्याची जागा दाखविण्याचें कबूल केलें आहे. सौभाग्यवतींनीं दशम्यांचें पीठ दळावयास सांगून ठेविलें. मेजावरचें खापर बरोबर न्यावयाचें कीं नाहीं, आणि नेलें तर तेथेंच ठेवून यावयाचें कीं काय, असें नात रोज विचारते; तें अजून ठरलेलें नाहीं.